उतारवयाची ओसरी

सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरचे असून धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले तामलवाडी हे गाव याच रस्त्यावर वसलेले आहे, आणि आश्विनी पौर्णिमेच्या, म्हणजे कोजागिरीच्या, मागच्यापुढच्या दिवसांत हा रस्ता वाहनांचा राहत नाही, तो चालणाऱ्यांचा होतो. सोलापूर शहरातून आणि त्याच्याही पलीकडे कर्नाटकातून निघालेले असंख्य लोक, त्यांतले बरेचसे अनवाणी, ‘आई राजा उदो उदो’ असा गजर करीत रात्रभर भवानीच्या दर्शनाला चालत असतात, आणि त्यांच्यासाठी रस्त्याकडेला कोणी पाण्याचे पिंप, कोणी चहाचे पातेले, कोणी केळ्यांची पाटी, तर कोणी दुखणाऱ्या पायांना लावायला मलम घेऊन उभे असते. या सेवेत एक सोयही दडलेली असते. पांथस्थ उजाडेपर्यंत पुढे गेलेला असतो, म्हणून त्याला नाव, गाव, जात, पाहुणे यांतले काही विचारावे लागत नाही, आणि पेला रिकामा करून देण्यापलीकडे त्याच्याकडूनही कसली अपेक्षा नसते. खरा पेच पडतो तो राहायला आलेल्या परक्याशी. जो उद्याही दिसणार, परवाही दुकानात भेटणार आणि पावसाळ्यात त्याच चिखलातून वाट काढणार, त्याला गावाच्या मनात कुठली तरी जागा द्यावी लागते, आणि ती जागा ठरेपर्यंत दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते.

हा परका वयाने साठीच्या पुढचा असेल, बरोबर त्याची तितकीच पिकलेली पत्नी असेल आणि दोघे धर्माच्या कामासाठी सातासमुद्रांपलीकडून आलेली असतील, तर हा पेच अधिक गमतीचा होतो. मिशनरी म्हणजे एखाद्या ख्रिस्ती संस्थेने किंवा मंडळीने धर्मप्रसारासाठी व त्याच्या जोडीने शिक्षण, वैद्यकीय मदत, दुष्काळनिवारण अशा कामांसाठी दूरच्या मुलखात पाठविलेली व्यक्ती, हा अर्थ मराठी वाचकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे, पण त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो बहुधा तरुण, सोलाहॅट घातलेला, घोड्यावरून किंवा टांग्यातून हिंडणारा पाद्री. ज्येष्ठ मिशनरी जोडपे ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात मुख्यालय असलेल्या ‘लॅटर-डे सेंट्स’ या चर्चमध्ये नोकरीधंद्यातून मोकळी झालेली, मुलांच्या जबाबदाऱ्या उरकलेली जोडपी साधारण सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतच्या ठरावीक मुदतीसाठी स्वखर्चाने परदेशी जातात आणि तिथे कचेरीचे काम, प्रशिक्षण किंवा मदतकार्य सांभाळतात. या चर्चचा भारताशी संबंध तसा जुना आहे, कारण त्याचा प्रचारक ह्यू फिंडले १८५२ साली मुंबईत उतरला होता आणि पुढे पुण्यातही त्याने लहानशी मंडळी जमविली होती. मात्र भारतातली स्वतंत्र मिशन-कचेरी बंगळुरूला निघाली ती १९९३ साली. अशी जोडपी सहसा महानगरांत राहतात. तरीही त्यांच्या रोजच्या जगण्याचा आणि त्यांच्या नव्या मैत्रीचा विचार करताना तामलवाडीएवढे गाव माप म्हणून समोर ठेवणे बरे, कारण महानगरात कोणीच कोणाला जागा देत नाही आणि त्यामुळे तिथे हा प्रश्न उघडा पडत नाही.

भारतीय परंपरेत उतारवयाला घर सोडण्याची गोष्ट मुळीच अपरिचित नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस दिसू लागले, मुलाचे मूल पाहिले, की वनाकडे वळावे असे सांगितले आहे, आणि पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा तिला बरोबर न्यावे अशी मोकळीकही ठेवली आहे. चार आश्रमांपैकी हा तिसरा आश्रम, म्हणजे वानप्रस्थ, प्रत्यक्षात फार थोड्यांनी आचरला असेल. पण काशीयात्रेला निघालेली, पंढरपुरात किंवा आळंदीत खोली घेऊन चातुर्मास काढणारी म्हातारी जोडपी मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत, आणि त्यांच्या मागे त्याच कल्पनेची सावली आहे. परदेशी ज्येष्ठ जोडपे नेमके उलट्या दिशेने चालते. ते शांततेतून गजबजाटाकडे येते, आपल्या अंगणातल्या ओळखीच्या झाडांकडून नाव माहीत नसलेल्या भाज्यांकडे येते, आणि जगापासून सुटण्याऐवजी नव्या जगात अडकून घेते. काशीला गेलेल्या आजोबांना तिथे मित्र मिळाले की नाही हे कोणी विचारीत नाही, कारण ते मित्रांसाठी गेलेलेच नसतात. या जोडप्याला मात्र मित्र मिळाले नाहीत तर त्याचा मुक्काम एखाद्या लांबलेल्या बदलीपेक्षा वेगळा ठरत नाही.

अशा मुक्कामातला दिवस मोठ्या घटनांचा नसतो. सोलापूर-तुळजापूर पट्ट्यातली सकाळ दुधाच्या किटलीने आणि नळाला पाणी किती वाजता येणार या चौकशीने सुरू होते, मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा दुपारी रस्ता ओस पडतो, आणि आठवड्याचे दिवस कॅलेंडरपेक्षा बाजाराच्या वारावरून अधिक लक्षात राहतात. ज्या माणसाने चाळीस वर्षे एखादी कचेरी चालविली, ज्या बाईने शाळेत दोन पिढ्यांना शिकविले, त्यांना इथे गवारी आणि शेवगा यांतला फरक भाजीवालीकडून शिकावा लागतो. शेंगाचटणीचा पहिला घास किती बेताने घ्यायचा, ज्वारीची भाकरी कशी मोडायची, ‘येतो’ असे म्हणणारा माणूस खरे तर निघालेला असतो, हेही कोणी तरी सांगावे लागते. या शिकण्यात अपमान नाही, पण उतरंड मात्र उलटी होते. मदत करायला आलेला माणूस दिवसाला दहा वेळा मदत मागतो आणि ती देणाऱ्याला आपण काही विशेष केले असे वाटतही नाही. मराठी गावाला म्हातारपणाशी कसे वागायचे हे नीट ठाऊक असते, म्हणून तरुण परदेशी माणसाला जे नाव मिळायला वर्षे लागतात ते म्हाताऱ्याला आठवडाभरात मिळते: तो आजोबा होतो, ती आजी होते, शेजारची मुले पायरीवर येऊन बसतात आणि त्यांच्या मागोमाग मुलांच्या आया येतात. नाते आधी ठरते आणि ओळख मागाहून होते. पाश्चात्त्य माणसाला हा क्रम उलटा वाटत असेल. गावाला तो स्वाभाविक वाटतो, आणि पेच सोडविण्याची ती गावाची जुनी रीत आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्याच्या वाट्याला हे सहसा येत नसे, आणि त्याचे कारण त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या घराच्या रचनेत अधिक सापडते. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले, पुढे अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले आणि १८६०च्या दशकात चार्ल्स हार्डिंग यांच्या काळात सोलापुरातही ठाणे उभे राहिले. मुलींसाठी निघालेली ‘वोरोनोको’ ही तिथली शाळा मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचे नाव अजून सोलापुरात वागविते आहे. मिशनचे ठाणे म्हणजे आवाराची भिंत, आत जाड भिंतींचा कौलारू बंगला, समोर रुंद व्हरांडा, बाजूला शाळा, चर्च आणि नोकरांच्या खोल्या. सकाळी पंडिताबरोबर मराठीचा अभ्यास, मोल्सवर्थच्या कोशाची पाने, मग शाळेची तपासणी, हिवाळ्यात तंबू घेऊन खेड्यापाड्यांतून दौरा, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर, आणि आठवड्याच्या डाकेने येणाऱ्या पत्रांची वाट, असे ते आयुष्य होते. दौऱ्याचे दिवस आणि शाळूच्या हुरड्याचे दिवस साधारण एकच, त्यामुळे शेताच्या बांधावर साहेबाच्या हातावर गरम हुरडा पडला नसेल असे म्हणवत नाही. पण व्हरांडा आणि ओसरी यांतले अंतर त्याने मिटत नसे. व्हरांड्यावर माणूस काम घेऊन येतो, तर ओसरीवर कामाशिवायही बसता येते. आवारातला प्रत्येक जण कुठल्या तरी अर्थाने साहेबाचा नोकर, विद्यार्थी, रुग्ण किंवा अनुयायी असे, आणि या चारांपैकी कोणाशीही बरोबरीची मैत्री होणे सोपे नव्हते.

सोलापूर इंग्रजांकडे आणि तुळजापूर तालुका निजामाच्या राज्यात, अशी त्या काळची वाटणी होती, त्यामुळे आज तामलवाडीवरून जाणारा हा छोटा प्रवास तेव्हा दोन राजवटींमधला होता. या बाजूच्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार काही वर्षे पाहणारा फिलिप मेडोज टेलर हा धर्मप्रचारक नव्हता, अधिकारी होता, पण तुळजापूरच्या देवळाने आणि परिसराने त्याला इतके वेधले की १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या इंग्रजी कादंबरीची सुरुवात त्याने तिथेच रोवली. गावाशी जडलेले असे प्रेम पुस्तकात उतरते. त्या गावातल्या माणसाशी जडलेली मैत्री मात्र क्वचितच उतरते, कारण तिला कथानक नसते.

मैत्रीला किंमतही मोजावी लागे, आणि ती बहुतेक वेळा इथल्या माणसाला मोजावी लागे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने जमली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली, काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेल्याला हात लावला, आणि गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण ग्रामण्यापर्यंत, म्हणजे जातीच्या बहिष्काराच्या वादापर्यंत, गेले, शंकराचार्यांकडून चौकशी झाली आणि अखेर अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या प्रसंगाने त्यांच्या घरात उठलेली खळबळ वाचायला मिळते. आज तामलवाडीच्या रस्त्यावरच्या टपरीत कोणी कोणाबरोबर चहा घेतला याची नोंद ठेवायला कोणाला वेळ नाही. पण ज्या मिशनरी घराने तो चहा पुढे केला त्याला आपण पाहुण्यांपुढे केवढे संकट ठेवीत आहोत याची कितपत कल्पना असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. आदरातिथ्य करणाऱ्यालाच फक्त आदरातिथ्य साधे वाटते.

त्या चहामागचा संशय सगळाच खुळा होता असेही म्हणता येत नाही. मिशनरी हा हेतू घेऊन आलेला माणूस असतो आणि तो हेतू तो लपवीतही नाही. तेव्हा त्याच्या प्रत्येक आपुलकीच्या शब्दाला ‘याला मी हवा आहे की माझा धर्म बदललेला हवा आहे’ हा प्रश्न चिकटतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याच गोपाळराव जोशींच्या घरात घडले होते. पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी अमेरिकेची वाट शोधताना त्यांनी कोल्हापूरच्या मिशनरींमार्फत पत्रव्यवहार केला. कोल्हापुरात दीर्घकाळ काम करून मायदेशी परतलेले रॉयल वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापला, मात्र मदतीच्या जागी धर्मांतराची सूचना दिली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे ताटकळत बसलेली असताना तो अंक चाळला, आणि कसलीही अट न घालता पत्र धाडले. आनंदीबाई तिला मावशी मानू लागल्या, १८८३ साली तिच्या घरी उतरल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि १८८७ साली वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्यानंतर त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, विसावल्या. मिशनला जे जमले नाही ते एका घराला जमले. तरीही वाइल्डर कुटुंबावर काट मारणे सोपे आणि अन्यायाचे होईल, कारण रॉयल वाइल्डर यांच्या निधनानंतर त्यांची वयस्क पत्नी एलायझा मुलगी ग्रेस हिच्याबरोबर पुन्हा पश्चिम भारतात आली. ज्या वयात अमेरिकेतली बाई नातवंडांसाठी मोजे विणीत बसते त्या वयात परत यावेसे वाटायला, कामाखेरीज माणसेही कारण असली पाहिजेत.

उतारवयाकडे झुकलेल्या मिशनरी जोडप्याच्या घराचे मराठीतले सर्वांत जिवंत चित्र मात्र परदेशी जोडप्याचे नाही. ते नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे जलसंस्काराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर काही वर्षे पतीपासून दूर पंढरपुरात व इतरत्र काढून लक्ष्मीबाईही त्यांच्याकडे आल्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्या. अहमदनगरचे त्यांचे घर त्यानंतर कोणासाठीच बंद राहिले नाही. अनाथ मुले, रोगी, विद्यार्थी, कवी, भांडून आलेले आणि भांडायला आलेले, सगळे तिथे जेवत. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात टिळकांच्या नजरेत भरलेला ठोंबरे नावाचा कोवळा मुलगा, ज्याला महाराष्ट्र पुढे बालकवी म्हणून ओळखू लागला, तो पुढे याच घरात मुलासारखा राहिला. त्याने धर्म बदलला नाही आणि त्यामुळे त्या घरातले त्याचे पान हलले नाही. वयाने जवळजवळ तीस वर्षांनी मोठ्या कवीशी त्याची जी मैत्री झाली तिला गुरुशिष्याचे नाते म्हणावे, की बापलेकाचे, की दोन कवींचे, हे ठरविण्याची त्या घरातल्या कोणाला घाई नव्हती.

‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले, आणि मिशनरी जगाच्या रोजच्या जगण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा आधार मराठीत नाही असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. मिशनचे अहवाल शाळा, चर्च, बाप्तिस्मे आणि देणग्या मोजतात; लक्ष्मीबाई डब्यातले पीठ मोजतात, आणि ते संपले असताना नवऱ्याने वाटेवरून आणखी दोघांना जेवायला आणले हे हसत सांगतात. त्यांच्या नजरेतून गोरे साहेब आणि मडम उंच जोत्यावरून खाली उतरतात, अडतात, चुकतात, रागावतात आणि कधी कधी फार शहाणपणाने वागतात. टिळकांनी १९१७ साली मिशनची बांधील नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा आपला आश्रम उभारला. पगाराची व्यवस्था गेली, पण पंगत चालू राहिली. देणाऱ्याकडे देण्यासारखे फारसे उरले नाही की त्याच्याभोवती जी माणसे राहतात ती कशासाठी राहतात हे आपोआप उघड होते, आणि टिळकांच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांच्याभोवती माणसांची कमतरता पडली नाही. ते १९१९ साली गेले. त्यानंतरची लक्ष्मीबाईंची वर्षे, नाशिकची, लेखनाची आणि गोतावळ्याची, ही एकट्या ज्येष्ठ बाईच्या नव्या मैत्रीची वेगळीच कथा आहे.

दुसरी एक मैत्री जवळजवळ पूर्णपणे टपालावर जगली. जस्टिन अ‍ॅबट यांचा जन्म १८५३ साली अमेरिकेत झाला असला तरी त्यांचे आईवडील मिशनरी असल्यामुळे त्यांचे बालपण मराठी मुलखात गेले, १८८१पासून ते स्वतः अमेरिकन मराठी मिशनमध्ये मुंबईत होते, आणि १९१०च्या सुमारास निवृत्त होऊन न्यू जर्सीतल्या समिट गावी राहायला गेले. बहुतेकांचे काम इथे संपते. अ‍ॅबट यांचे खरे काम तिथून सुरू झाले, कारण सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी महाराष्ट्रातल्या संतकवींची चरित्रे व रचना इंग्रजीत आणणारी ग्रंथमाला हाती घेतली, आणि १९२६पासून पुढे भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकेक पुस्तक निघू लागले. दासोपंत हे अंबाजोगाईचे, म्हणजे याच मराठवाड्याचे. त्यांचे नाव अमेरिकेतल्या एका निवांत गावात म्हातारपणी रोज उच्चारले जात होते. महिपतींच्या ‘भक्तविजया’चे भाषांतर त्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केले. १९३२ साली अ‍ॅबट वारले तेव्हा ते छापून व्हायचे होते, आणि उरलेले खंड मागे राहिलेल्यांनी १९३५पर्यंत पुरे केले. ज्याने तरुणपणी इथल्या लोकांना आपला धर्म सांगितला तो म्हातारपणी त्यांचा धर्म शब्दाशब्दाने विचारीत बसला, आणि ओवीतल्या अडलेल्या जागेसाठी त्याला एका मराठी पंडिताची वाट पाहावी लागली. या वाट पाहण्यात तो साहेब उरला नाही. सबंध मिशनरी इतिहासात हा एक फार लोभस उलटफेर आहे, आणि त्याची किंमत एखाद्या मोठ्या चर्चच्या इमारतीपेक्षा कमी धरू नये.

आता हीच गोष्ट मराठी घरांच्या बाजूने पाहिली तर ती फारशी परकी राहत नाही. सोलापूर, धाराशिव, लातूर इथून मुले पुण्याला शिकायला गेली, पुण्याहून अमेरिकेला गेली, आणि त्यांचे आईवडील पर्यटकाच्या व्हिसावर सहा-सहा महिने न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहू लागले. तेही साठी ओलांडलेले जोडपे, तेही एक प्रकारच्या सेवेसाठी, म्हणजे नातवंड सांभाळायला, आलेले, आणि त्यांनाही बसचा मार्ग, दुकानातले यंत्र, कचऱ्याचे वार सूनबाईकडून शिकावे लागतात. जन्मभर तहसील कचेरीत दरारा असलेले गृहस्थ तिथे मुलाच्या गाडीशिवाय कोपऱ्यापर्यंत जाऊ शकत नाहीत. मग कधी तरी बागेतल्या बाकावर एक गुजराती किंवा तेलुगू जोडपे भेटते, मोडक्या हिंदीत गुडघेदुखीची चर्चा होते, दुसऱ्या दिवशी डब्यातून थेपले येतात आणि त्यांच्या बदल्यात शेंगाचटणी जाते. ही मैत्री होताना कोणी कोणाच्या जातीची, पदाची वा पेन्शनची फार चौकशी करीत नाही, कारण इथे दोघेही सारखेच अडलेले असतात. परत आल्यावर ही मंडळी गावात अमेरिकेतले रस्ते आणि स्वच्छता वर्णन करतात, पण जरा वेळ बसले की त्या बाकावरच्या माणसांवर येतात.

या सगळ्या मैत्रींना मुदत असते आणि ती पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, हे त्यांचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. बालमैत्री आयुष्यभर टिकेल असे गृहीत धरलेले असते. उतारवयातली मैत्री व्हिसाची तारीख, औषधांचा साठा आणि परतीचे तिकीट बरोबर घेऊनच सुरू होते. त्यामुळे तिच्यात रुसवेफुगवे कमी आणि लगबग जास्त. जुन्या काळी दहा-बारा वर्षांची मुले शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवून, किंवा १९०१पासून कोडाईकनालच्या शाळेत ठेवून, मिशनरी जोडपी रिकाम्या बंगल्यात राहत. त्या रिकामेपणात पंडित, शिक्षिका, बायबल-बाई म्हणजे घरोघर जाऊन स्त्रियांना धर्मग्रंथ वाचून दाखविणारी मराठी स्त्री, यांच्याशी जी जवळीक होत असेल ती आज फोनच्या पडद्यावर रोज नातवंड पाहणाऱ्या जोडप्याला तितक्या निकडीची वाटत नसेल. सोय वाढली की माणसांची गरज थोडी कमी होते, आणि मैत्रीला ते नेहमीच मानवते असे नाही.

मुदत संपून परतण्याच्या बाबतीत रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे उदाहरण विचारात पाडणारे आहे. मिशनरी आईवडिलांच्या पोटी १८४७ साली मुंबईत जन्मलेले, लहानपणी वडिलांना गमावून आईबरोबर अमेरिकेला गेलेले, तिथे शिकून १८७४ साली अहमदनगरला परतलेले हे गृहस्थ पुढची बावन्न वर्षे मराठी मुलखातच राहिले. त्यांची पहिली पत्नी ॲबी ही ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर करणारे मिशनरी एबेनेझर बर्जेस यांची कन्या होती, तिच्या निधनानंतर १८८७ साली त्यांनी वडाळ्याच्या फेअरबँक या मिशनरी घराण्यातल्या केटी हिच्याशी विवाह केला, आणि ते घराणेही दोन पिढ्या याच मातीत मुरलेले होते. धर्मशिक्षणाची पाठशाळा, दुष्काळातले काम, त्यासाठी १९०१ साली मिळालेले कैसर-इ-हिंद सुवर्णपदक, हे सारे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. १९२६ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, ते सेवानिवृत्त होऊन मॅसॅच्युसेट्सला परतले. कागदोपत्री ते घरी गेले. पण ज्याचे जवळजवळ सगळे प्रौढ आयुष्य नगरच्या रस्त्यांवर गेले, ज्याचे मित्र, विरोधक, विद्यार्थी आणि शेजारी मराठी बोलणारे होते, त्याला ब्रुकलाइनमधल्या शेजाऱ्यांशी ओळख नव्याने करून घ्यावी लागली असणार, कोणते दुकान कुठे आहे हे विचारावे लागले असणार, आणि कोणी तरी कुतूहलाने त्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले’ असेही विचारले असेल. त्या प्रश्नाला त्यांनी मुंबई म्हणून उत्तर दिले, की नगर म्हणून, की आणखी काही, हे कोणत्याही अहवालात येण्यासारखे नव्हते. तीन वर्षांनी, १९२९ साली, ते वारले. तोपर्यंत त्या गावात त्यांना किती जणांनी आपल्या ओसरीवर बसविले असेल कोण जाणे.